हर्रासातली गाडी

भिवापूरच्या माणसाने सरकारी लिलावात जुनी जीप घेतली, की कागदांसाठी त्याला नागपूर ग्रामीणच्या आरटीओची पायरी चढावी लागते, एमएच-40 हा नंबर तिथला. नेहमीच्या खरेदीत 29 आणि 30 नंबरचे नमुने भरतात, त्यांवर विकणाऱ्याची सही असते. लिलावातल्या गाडीला मात्र नमुना 32. ताबा मिळाल्यापासून 30 दिवसांत तो भरायचा, सोबत विक्री कायम झाल्याचा हुकूम जोडायचा. जुन्या मालकाची सही लागत नाही. या सहीविना झालेल्या व्यवहाराची वंशावळ मला मोटारीहून फार जुनी वाटते.

'लिलाव' हा शब्द पोर्तुगीजांकडून किनाऱ्यावर उतरला. विदर्भात त्याच्या शेजारी 'हर्रास' नांदतो, मूळ अरबी 'हराज'. रेतीघाटाचा हर्रास, बाजाराचा हर्रास, कोंडवाड्याचा हर्रास.

नागपूरने वाहनांचा मोठा हर्रास पाहिला तो मोटार येण्याआधी. 11 डिसेंबर 1853 रोजी तिसरे रघूजी भोसले वारले आणि वारस नसल्याचं कारण दाखवून गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा केलं. त्यानंतर भोसल्यांचे हत्ती, घोडे, उंट, बैल सीताबर्डीला पुकारून विकले गेले, तेही मातीमोल. भोसले घराण्यातल्या ज्येष्ठ राणी बांकाबाईंनी कडाडून विरोध केला. घरची मालकीण जिवंत होती, नको म्हणत होती, आणि बोली चालूच राहिली. हे वाचताना आजही पोटात कालवतं.

भिवापूरच्या मिरचीवाल्याला बोली नवी नाही. पण तिथे धनी मालापाशी उभा असतो. भाव पटला नाही तर पोतं पुन्हा शिवून घरी नेतो. धनी समोर नसतानाची बोली ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिचे नियम ठरले ते जनावरांवर.

1871 चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा मी पुन्हा पुन्हा वाचतो. कोंडवाड्यातलं ढोर सात दिवसांत कुणी सोडवलं नाही, तर ठाण्याला कळवायचं. ठाण्याने वर्णनासह नोटीस लावायची. शिवाय जिथे ढोर धरलं त्या गावात आणि जवळच्या बाजारात दवंडी पिटायची. आणखी सात दिवस वाट पाहायची, मग लिलाव. पोलिसाने किंवा कोंडवाड्याच्या राखणदाराने ते ढोर स्वतः किंवा आडून विकत घ्यायचं नाही. दंड आणि चाऱ्याचा खर्च वजा जाता उरलेले पैसे धन्याचे. परक्या सरकारचा कायदा, तरी ज्याचं ढोर त्याच्या कानापर्यंत हाक पोचली पाहिजे, एवढी जाण त्यात होती.

बेवारस मालासाठी 1861 च्या पोलीस कायद्यात जाहीरनामा आणि सहा महिन्यांची मुदत होतीच. मोटारी आल्या, अपघातातल्या, चोरीच्या, दंड न भरलेल्या गाड्या ठाण्यांत साचू लागल्या, तेव्हा त्या याच चाकोरीत शिरल्या. खटला संपेपर्यंत मुद्देमाल हलवायचा नाही, ही रीत मात्र गाड्यांच्या जिवावर उठली. टायर मातीत रुतायचे, पत्रा कुजायचा, सुटेपर्यंत भंगार. 2002 मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फोटो काढा, हमी घ्या, गाडी परत द्या. मालक, विमा कंपनी कुणीच आलं नाही तर कोर्टाच्या हुकमाने लिलाव करा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 497 ने त्याला 14 आणि 30 दिवसांच्या मुदती घातल्या.

आता सरकारी गाड्यांची बोली बऱ्याचदा एमएसटीसीच्या संकेतस्थळावर लागते. भंगार धातूच्या व्यापारासाठी 1964 मध्ये निघालेली ही सरकारी कंपनी. बोली दूरवरून लागते, संगनमताला जागा कमी उरते, हे चांगलंच. पण दवंडी गेली. ज्याचा ट्रॅक्टर अडकला आहे तो शेतकरी संकेतस्थळ उघडून बसत नाही. घेणाऱ्यापर्यंत खबर पोचते, गमावणाऱ्यापर्यंत नाही. मला हे खुपतं. गाडी धरली त्या गावात, तिथल्या बाजारात, ध्वनिक्षेपकावरून चेसिस नंबरासह पुकारा करायला कितीसा खर्च येईल?

नंबर खोटा निघालेल्या गाडीसाठीही केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 57 मध्ये तरतूद आहे. आरटीओ तिला नवा नंबर देते, आधी लिलाव करणाऱ्या सरकारी खात्याच्या नावे आणि मग घेणाऱ्याच्या. ती ज्याच्या दारातून गेली, त्याचं नाव त्या नोंदीत येत नाही.