माझगावचे सी यूप कून : दर्यावर्दी चिन्यांचा देव

व्हिएतनामच्या सहलीला जाणाऱ्या मराठी पर्यटकांच्या कार्यक्रमात होई आन या जुन्या बंदराचे नाव बहुधा असतेच. नदीकाठची पिवळ्या भिंतींची घरे, संध्याकाळी उजळणारे कंदील आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस जपानी व्यापाऱ्यांनी बांधलेला छप्परदार पूल ही तेथील ठरलेली छायाचित्रे. याच गावात १६५३ साली उभारलेले एक चिनी देवालय आहे. गाभाऱ्यात बसलेला देव तांबड्या चेहऱ्याचा, लांब दाढीचा सेनापती आहे. व्हिएतनामी लोक त्याला क्वान काँग म्हणतात.

हाच देव मुंबईत माझगावला आहे, याची कल्पना मात्र फार थोड्यांना असते. डॉकयार्ड रोड स्थानकापासून जवळच, नवाब टँक मार्गावर, सी यूप कून नावाचे देवालय १९१९ पासून उभे आहे. मुंबईतील एकमेव चिनी मंदिर म्हणून ते ओळखले जाते. अंबरनाथ पूर्वेच्या पालेगावातून निघालेला माणूस लोकलने दोन-अडीच तासांत तेथे पोहोचू शकतो.

चार जिल्ह्यांचे घर

कँटनी बोलीत 'सी' म्हणजे चार, 'यूप' म्हणजे जिल्हा आणि 'कून' म्हणजे मंडळाचे घर. दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांतात शिनहुई, ताइशान, काइपिंग आणि एनपिंग असे चार शेजारी जिल्हे आहेत. जमीन थोडी, माणसे फार, समुद्र जवळ. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात या चार जिल्ह्यांतील पुरुष जगभर पांगले. कॅलिफोर्नियात १८४९ च्या सुमारास सोन्याची लाट आली तेव्हा तिकडे धावलेल्या आणि पुढे अमेरिकेचे लोहमार्ग घातलेल्या चिन्यांत याच भागातील लोकांचा मोठा भरणा होता. जेथे ते गेले तेथे त्यांनी आपल्या नावाचे घर बांधले. मेलबर्नचे सी यूप मंदिर १८६६ चे, सिडनीजवळच्या ग्लीब येथील १८९८ चे. तिन्ही ठिकाणी नाव तेच आणि देवही तोच आहे.

मुंबईत आलेले सी यूपवाले मुख्यतः बोटींवरचे खलाशी आणि गोदीशी निगडित कारागीर होते. वाफेच्या जहाजांवर चिनी सुतार व भट्टीवाले यांना मागणी असे. एक बोट सुटली आणि दुसरी मिळेपर्यंत बंदरात आठवडे काढावे लागत. भाषा कळत नाही, ओळख कोणाची नाही, अशा माणसाला अंथरूण, चार शब्द बोलायला गाववाला आणि घरी पत्र धाडण्याची सोय हवी असे. म्हणून आधी डोक्यावर छप्पर आणि त्याच छपराखाली देव, असा या वास्तूचा जन्म आहे. ही व्यवस्था मुंबईकराला अनोळखी वाटण्याचे कारण नाही. गोव्याच्या गावांनी धोबीतलाव आणि माझगाव परिसरात आपल्या खलाशांसाठी 'कूड' थाटले होते. एका खोलीत ओळीने ट्रंका, भिंतीशी वेदी आणि ठरल्या वेळी प्रार्थना. कोकणातील चाकरमान्यांच्या गावकीच्या खोल्याही याच जातीच्या. चिन्यांचे कून आणि गोवेकरांचा कूड एकाच गोदीच्या आसऱ्याने वाढले, हा शब्दांचा गमतीदार योगायोग म्हणावा लागेल.

सेनापतीचा देव कसा झाला

देवालयातील मुख्य दैवत ग्वान यू. कँटनी उच्चार क्वान कुंग अथवा क्वान ताई. हा कोणी पुराणपुरुष नव्हे. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस हान साम्राज्य मोडकळीस आले असता लिऊ बेई या सरदाराच्या बाजूने लढलेला हा ऐतिहासिक सेनापती. इसवी सन २२० च्या सुमारास तो शत्रूच्या हाती सापडून मारला गेला. लिऊ बेई, झांग फेई आणि ग्वान यू यांनी घेतलेली बंधुत्वाची शपथ चौदाव्या शतकातील 'तीन राज्यांची कथा' या कादंबरीने घराघरांत पोहोचवली. शत्रूने मानमरातब देऊ केला तरी त्याने धन्याची साथ सोडली नाही, ही त्याची कीर्ती. पराक्रमापेक्षा दिल्या शब्दाला जागण्यामुळे तो देवपदाला पोहोचला. गावोगावच्या वीरगळांपुढे शेंदूर वाहणाऱ्या महाराष्ट्राला हा प्रवास उमजण्यासारखा आहे.

लढवय्या देव व्यापाऱ्यांना आणि खलाशांना का रुचला असावा, असा प्रश्न पडतो. उत्तर परदेशातील जगण्यात आहे. परक्या बंदरात कागदपत्र आणि कोर्टकचेरी यांचा उपयोग मर्यादित. उधारी, भागीदारी, कोणाच्या हाती घरी पाठवलेले पैसे, हे सारे शब्दावर चालते. शब्द मोडणाऱ्याकडे पाहणारा देव तेथे हवा. हाँगकाँगमध्ये पोलीस ठाण्यांतही ग्वान यूची पूजा होते आणि पोलीस ज्यांच्या मागावर असतात त्या टोळ्यांच्या अड्ड्यांवरही, हे त्याच्या लोकप्रियतेचे विनोदी पण बोलके उदाहरण आहे.

आत गेल्यावर

बाहेरून पाहणाऱ्यास ही वास्तू जुन्या माझगावातील एखाद्या घरासारखीच वाटते. शिखर नाही, पॅगोडा नाही. लाल रंग आणि चिनी अक्षरे तेवढी वेगळी. तळमजल्यावर करुणेची देवी ग्वानयिन हिचे स्थान आहे. ही बौद्ध परंपरेतील अवलोकितेश्वर बोधिसत्त्वाचे चिनी रूप. भारतातून पुरुषरूपात गेलेला हा बोधिसत्त्व चीनमध्ये काही शतकांत स्त्रीरूप झाला आणि दर्यावर्दी कँटनी लोकांबरोबर बोटीने पुन्हा भारतात आला. कान्हेरीच्या लेण्यांत अवलोकितेश्वराचे जे शिल्प आहे, त्यात जहाज फुटण्यासारख्या संकटांतून भक्तांना तारणारा बोधिसत्त्व कोरलेला आहे. कान्हेरी आणि माझगाव एकाच शहरात आहेत, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

लाकडी जिन्याने वर गेल्यावर क्वान कुंगचे देवघर लागते. लाल आणि सोनेरी रंगांची रेलचेल, उदबत्त्यांचा धूर, दिवे, फळे. पूजेची रीत साधी. पुरोहिताच्या मध्यस्थीवाचून भक्त स्वतःच उदबत्त्या पेटवून दोन्ही हातांत धरतो, वाकतो आणि राखेच्या भांड्यात त्या रोवतो. नैवेद्यात संत्री आवर्जून असतात, कारण कँटनी बोलीत संत्रे आणि सोने यांचा उच्चार जवळजवळ सारखा होतो. मृत आप्तांसाठी कागदी नोटा जाळण्याचीही प्रथा आहे. परलोकी गेलेल्यांना खर्चाला कमी पडू नये हा भाव. पितृपक्षात पान वाढणाऱ्यास ही कल्पना परकी वाटू नये.

चिनी देवळांतला आणखी एक विधी कोकणी माणसाला ओळखीचा वाटेल. बांबूच्या नळकांड्यात क्रमांक घातलेल्या काड्या असतात. मनात प्रश्न धरून नळकांडे हलवायचे. जी काडी आधी बाहेर पडेल तिच्या क्रमांकाचे उत्तर वाचायचे. कोकणात देवाला कौल लावतात तो पाकळ्यांनी, येथे काड्यांनी. विचारणाऱ्याचे प्रश्न दोन्हीकडे तेच: नोकरी, आजारपण, लग्न आणि गावाकडे परत जाणे जमेल की नाही.

१९६२ नंतर

गेल्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत चिन्यांची नांदती वस्ती होती. माझगाव आणि कामाठीपुऱ्याजवळची शुक्लाजी स्ट्रीट ही त्यांची ठिकाणे. दंतवैद्य, केशकर्तन, चपलांची दुकाने, उपाहारगृहे असे त्यांचे धंदे. ऑक्टोबर १९६२ मध्ये भारत-चीन युद्ध पेटले आणि चित्र पालटले. आसाम आणि बंगालमधील चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत डांबण्यात आले. त्यांत भारतात जन्मलेलेही होते. काहींची सुटका व्हायला १९६७ साल उजाडले. मुंबईतील चिन्यांवर एवढा प्रसंग गुदरला नाही तरी पोलिसांकडे नोंद, प्रवासावर बंधने आणि शेजाऱ्यांची बदललेली नजर त्यांच्या वाट्याला आली. सीमेवर काय चालले आहे याची खबर मुंबईकराइतकीच त्यांनाही वर्तमानपत्रातूनच मिळत होती. त्यानंतरच्या वर्षांत अनेक कुटुंबे कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलियाकडे निघून गेली. ज्याच्या आसऱ्याने देवालय उभे राहिले तो समाजच पातळ झाला.

व्हिएतनामची कहाणी याहून कठोर आहे. १९७८-७९ मध्ये चीनशी संबंध बिघडून युद्ध झाले, त्या काळात लाखो चिनी वंशाचे लोक देश सोडून गेले. कित्येक होड्यांतून, समुद्रात प्राण गमावत. होई आनमधील चिन्यांनी त्याआधीही आघात सोसले होते. १८५१ साली हाइनान बेटावरील १०८ निरपराध व्यापाऱ्यांना चाचे ठरवून मारण्यात आले. त्यांच्या स्मरणार्थ १८७५ मध्ये बांधलेले सभागृह गावात आजही आहे. फूच्येन, कँटन, हाइनान अशा प्रांतवार सभागृहांची तेथे रांगच आहे. माझगावचे कून त्याच कुळातले, मात्र एकटे.

दोन्ही गावांतील फरक येथून सुरू होतो. होई आनच्या नदीत गाळ साचला, एकोणिसाव्या शतकात व्यापार दा नांगला गेला आणि गाव जसेच्या तसे राहून गेले. १९९९ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. आज जुन्या शहराच्या तिकिटातून तेथील वास्तूंची डागडुजी होते. गाळाने बंदर मारले आणि गाव वाचवले. उल्हास नदीकाठच्या कल्याणलाही एके काळी बंदर म्हणून लौकिक होता. ते बंदर मागे पडले तरी असे भाग्य त्याच्या वाट्याला आले नाही. माझगावला तर गाळ साचलाच नाही. गोदी चालू राहिली, जमिनीचा भाव चढत गेला. कूनला तिकीट नाही आणि पर्यटकांच्या बसगाड्याही तेथे येत नाहीत. देखभाल उरलेल्या चिनी समाजाच्याच हाती आहे. पर्यटकांच्या गर्दीत देव हरवण्याची भीती होई आनला. माझगावला भीती उदबत्ती लावणारे हात कमी पडण्याची.

उल्हासनगरच्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत उतरलेल्या सिंधी निर्वासितांनी झूलेलाल या जलदेवतेला बरोबर आणले; १९४९ मध्ये त्या छावणीचे उल्हासनगर झाले. तेथे देवामागे लाखोंचा समाज उभा राहिला. माझगावच्या देवाला ते बळ लाभले नाही.

केव्हा जावे, कसे जावे

चिनी नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी या काळात येते. आदल्या रात्रीपासून देवालय गजबजते. मुंबईत विखुरलेली चिनी कुटुंबे येतात आणि अलीकडे इतर मुंबईकर व छायाचित्रकारही. दुसरा मोठा सण चिनी आठव्या महिन्याच्या पौर्णिमेचा, चंद्रोत्सवाचा. मराठी पंचांगाप्रमाणे चिनी पंचांगातही महिना अमावास्येपासून मोजतात आणि सूर्याशी मेळ घालण्यासाठी अधिक मास धरतात. त्यामुळे हा सण बहुधा भाद्रपद पौर्णिमेला, अनंत चतुर्दशीच्या आगेमागे पडतो. २०२५ साली चिनी पंचांगात अधिक मास आला आणि चंद्रोत्सव ६ ऑक्टोबरला, नेमका कोजागरीच्या दिवशी आला. पूर्वजांच्या थडग्यांची साफसफाई करण्याचा छिंगमिंग ४ किंवा ५ एप्रिलला असतो. मुंबईतील चिन्यांची दफनभूमी अँटॉप हिल येथे आहे.

शांतपणे पाहायचे असेल तर सणाचा दिवस टाळावा. हे पर्यटनस्थळ म्हणून चालवलेले ठिकाण नव्हे, हे ध्यानात ठेवावे. दार बंद असल्यास आसपास विनयाने चौकशी करावी. पूजा चालू असता छायाचित्र काढू नये, एरवीही आधी विचारावे. उदबत्ती लावण्यास परधर्मीयाला आडकाठी नसते.

पालेगाव, अंबरनाथ, बदलापूरकडून येणाऱ्याने मध्य रेल्वेची धीमी गाडी धरून सँडहर्स्ट रोडला उतरावे. वरच्या पातळीवरील फलाटावरून हार्बर मार्गाच्या गाडीने पुढचेच स्थानक डॉकयार्ड रोड. अंबरनाथहून सँडहर्स्ट रोडपर्यंत साधारण दीड तास धरावा. जलद गाडीने आल्यास भायखळ्याला उतरून टॅक्सी करता येते. हाताशी वेळ असल्यास स्थानकाजवळच्या टेकडीवरील जोसेफ बॅप्टिस्टा उद्यानात चढून जावे. तेथून गोदी आणि बंदर दिसते. सी यूपचे खलाशी याच बंदरात उतरत.