पाच मायक्रॉनची चूक

मार्च २०२० च्या अखेरीस उत्तर प्रदेशातील बरेली येथे, गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशकाचा फवारा मारण्यात आला. त्याच सुमारास, २८ मार्च रोजी, कोविड-१९ हवेतून पसरत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने ठामपणे जाहीर केले. देशभर लोक भाजीपाला आणि दुधाच्या पिशव्या धुऊन घेत होते. खिडक्यांकडे मात्र कोणाचे लक्ष नव्हते.

यामागचा समज शंभर वर्षांहून जुना होता. अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स शहराचे आरोग्य अधिकारी चार्ल्स चेपिन यांनी १९१० मध्ये प्रतिपादन केले, की बहुतेक संसर्ग निकट संपर्कातून होतात आणि हवेचा त्यातील वाटा किरकोळ असतो. दूषित हवेतून रोग उद्भवतात, या जुन्या कल्पनेचा पगडा दूर करण्यासाठी असे सांगणे गरजेचेच होते. पण सुक्याबरोबर ओलेही जळाले.

१९३४ मध्ये विल्यम वेल्स यांनी एक साधा प्रश्न विचारला: तोंडातून उडालेला थेंब आधी जमिनीवर पडतो, की आधी सुकतो? स्थिर हवेत सूक्ष्म कणाचा पडण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. शंभर मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या दशांशाएवढा, थेंब दीड मीटर उंचीवरून पाच-सहा सेकंदांत खाली येतो. पाच मायक्रॉनच्या कणाला त्यासाठी अर्धा तास लागतो आणि एक मायक्रॉनच्या कणाला काही तास. वेल्स यांच्या मते सीमारेषा शंभर मायक्रॉनच्या आसपास होती; त्याहून लहान थेंब सुकून तरंगत राहतात. पुढे बाल्टिमोरमध्ये क्षयरुग्णांच्या कक्षातील हवा गिनीपिगांच्या पिंजऱ्यांकडे वळवण्यात आली. प्राण्यांना क्षयाची लागण झाली. जिथे तीच हवा अतिनील किरणांतून नेली होती, तिथे झाली नाही.

मग शंभराचे पाच कसे झाले? क्षयाचा जंतू फुप्फुसात खोलवर पोहोचला तरच संसर्ग होतो, आणि तिथवर साधारण पाच मायक्रॉनहून लहान कणच जातात. कण शरीरात किती आत जातो, हे सांगणारा हा आकडा. पाठ्यपुस्तकांतून फिरता फिरता तो कण हवेत किती दूर जातो, याचा आकडा होऊन बसला. हा गोंधळ केटी रँडल, लिन्झी मार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने निबंध चाळून २०२१ मध्ये उलगडून दाखवला. पदवीच्या वर्गातील भौतिकशास्त्राने पकडता आली असती, अशी ही चूक दशकानुदशके टिकली.

संपर्कवाद्यांचा युक्तिवाद असा होता, की रोग जवळच्यांनाच अधिक होतो, म्हणून तो मोठ्या थेंबांचाच. पण उदबत्तीचा धूरही उदबत्तीजवळच सर्वांत दाट असतो.

जुलै २०२० मध्ये लिडिया मोरॉव्स्का यांच्या पुढाकाराने २३९ शास्त्रज्ञांनी जागतिक आरोग्य संघटनेला हवेतील संसर्गाची दखल घेण्याचे खुले आवाहन केले. भारतात केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने २० मे २०२१ रोजी स्पष्ट शब्दांत सूचना काढली: मोठे थेंब दोन मीटरच्या आत पडतात, सूक्ष्म कण मात्र दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, दारे-खिडक्या उघडा, हवा बाहेर फेकणारे पंखे लावा, खोली बंद ठेवून वातानुकूलन यंत्र चालवू नका. खिडकी उघडायला पैसे लागत नाहीत, म्हणून हा सल्ला झोपडीपासून कार्यालयापर्यंत बराचसा लागू पडणारा होता. तोवर दुसऱ्या लाटेचा कळस उलटून गेला होता.

एप्रिल २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने परिभाषाच बदलली. आकारावरून ‘थेंब’ आणि ‘हवेतील कण’ अशी विभागणी सोडून देऊन त्या सर्वांना ‘संसर्गजन्य श्वसनकण’ हे एकच नाव देण्यात आले. वेल्स यांचे निधन १९६३ मध्येच झाले होते.