खप आणि नफा : अंधेरीच्या एका धंद्याचा इतिहास

ज्याचा माल अधिक घरांत, त्याची तिजोरी अधिक भरलेली, असें सरळ गणित लोक मांडीत असतात. यंत्रांच्या धंद्याचा गेल्या कांहीं दशकांचा इतिहास मात्र निराळेंच सांगतो. आणि त्याचें एक प्रकरण मुंबईच्या अंधेरी उपनगरांत घडलें.

1973 सालीं सरकारनें इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीसाठीं ‘सीप्झ’ हें खास क्षेत्र स्थापन केलें. त्याच्या नांवांत सांताक्रूझ असलें, तरी तें वसलें अंधेरीच्या पूर्वेस. याच अंधेरींत 1982 सालीं ओनिडा कंपनीनें दूरदर्शन संचांची जुळणी सुरू केली. गुलू मीरचंदानी आणि विजय मनसुखानी यांनीं ती आदल्याच वर्षीं काढली होती. मुहूर्तहि उत्तम साधला. त्याच वर्षीं देशांत रंगीत प्रक्षेपण सुरू झालें आणि दिल्लीस आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. पुढें शिंगें व शेपटी असलेला हिरवा सैतान जाहिरातींत अवतरला. शेजाऱ्याचा मत्सर हें त्या जाहिरातीचें भांडवल. आणि ओनिडाची गणना देशांतील अग्रगण्य संचांत होऊं लागली.

तथापि नांव आपलें असलें, तरी संचांतील महत्त्वाचे भाग परक्यांचे होते. आयातीवर जबर जकात होती तोंपर्यंत ही उणीव झांकून राहिली. 1991 नंतर बाजार खुला झाला. 1995 सालीं सॅमसंग व 1997 सालीं एल.जी. या कोरियन कंपन्या येथें आल्या. त्यांचे भाग त्यांच्याच समूहांच्या कारखान्यांत प्रचंड प्रमाणावर तयार होत. त्यामुळें किंमत उतरविणें त्यांना परवडे. स्पर्धेंत टिकावयाचें तर देशी कारखानदारांसहि किंमत उतरविणें भाग पडलें, आणि प्रत्येक संचामागील नफा आटत गेला. चपटे पडदे आल्यावर तर संचाच्या किमतीचा मोठा वांटा त्या पडद्याचाच झाला. आणि तो येथें होत नव्हता.

भ्रमणध्वनीच्या धंद्यांत हीच कथा अधिक मोठ्या रंगभूमीवर घडली. ओनिडानें फोनहि काढून पाहिले, पण जम बसला नाहीं. एके काळीं जगांत सर्वांत अधिक फोन विकणाऱ्या नोकियानें 2014 सालीं तो धंदाच मायक्रोसॉफ्टला विकून टाकला. त्याच वर्षीं भारतांत आलेल्या शाओमी या चिनी कंपनीनें थोड्याच वर्षांत येथें अग्रस्थान मिळविलें. पण यंत्रांवरील निव्वळ नफा शेंकडा 5 च्या वर जाऊं देणार नाहीं, असें तिनें 2018 सालीं स्वतःच जाहीर केलें. उलट ॲपलचा प्रकार पाहावा. 2022 सालीं जगांत खपलेल्या फोनांत तिचा वांटा एकपंचमांशाहूनहि कमी होता. धंद्याच्या एकूण नफ्यांत मात्र तो अर्ध्याच्या कितीतरी वर गेला. कारण फोनची आज्ञावली तिची स्वतःची, आणि एकदां आलेलें गिऱ्हाईक सहसा दुसरीकडे जात नाहीं.

2017 पासून आयफोनची जुळणी भारतांतहि होऊं लागली. त्यायोगें हजारों हातांना काम मिळालें, हा लाभ लहान नव्हे. परंतु जुळणी करणाऱ्यास मिळते ती मजुरी. नफा जातो तो कल्पना, आज्ञावली व अवघड भाग ज्याच्या हातीं असतील त्याच्याकडे. अंधेरीच्या कारखान्यानें हा धडा भ्रमणध्वनीच्या आधींच गिरविला होता. आपल्या देशांत किती यंत्रें जुळतात, एवढेंच मोजून आतां भागणार नाहीं. त्यांतील किती भाग आपल्या बुद्धीचा आहे, हेंहि मोजावें लागेल.