काँग्रेस रेडिओचे कागद (इ. स. १९४२)

संगमेश्वर तालुक्याचें ठाणें पूर्वी संगमेश्वरींच होतें. १८७८ सालीं तेथें आग लागून सरकारी व खासगी अशा जवळजवळ सर्व इमारती भस्म झाल्या. त्यानंतर देवरूख हें तालुक्याचें ठाणें झालें. कागदाचें आयुष्य किती क्षणभंगुर असतें हें या भागांतील मनुष्यास निराळें सांगावयास नको. तथापि दफ्तरांतील कागद जळो, भिजो वा कसरीच्या तोंडीं पडो, तो मुळांत जपून ठेवण्यासाठींच लिहिलेला असतो. जो कागद एकदां मोठ्यानें वाचला कीं त्याचें काम संपलें, अशा कागदाची वाट काय? रेडिओवरून वाचावयाचा मजकूर, ज्यास हल्लीं संहिता म्हणतात, तो या जातीचा आहे. संशोधकांनीं त्याकडे फारसें लक्ष दिलेलें नाहीं, म्हणून हें टिपण.

मोठ्यानें वाचावयासाठीं बातमी लिहिणें ही कांहीं नवी विद्या नव्हे. दरबारोदरबारीं बसलेले वकील व अखबारनवीस जें लिहून पाठवीत, तें धन्यापुढें वाचून दाखविण्यासाठींच असे. फरक इतकाच कीं, अखबार ऐकणारा एक धनी असे व त्यास पूर्वपीठिका ठाऊक असे. रेडिओचा श्रोता अगणित, अनोळखी, आणि मध्येंच येऊन बसणारा. त्याला पान मागें उलटून पाहतां येत नाहीं. म्हणून वाक्य आंखूड, कर्ता आरंभीं, आंकडे थोडे, आणि महत्त्वाची गोष्ट दोनदां, अशी या लेखनाची रीत पडली. वाचकासाठीं लिहिणारा ज्या पुनरुक्तीस दोष मानतो, ती येथें गरज ठरते.

मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. कंपनी बुडाल्यावर १९३० सालीं तें सरकारच्या हातीं गेलें, व १९३६ पासून त्या खात्यास ऑल इंडिया रेडिओ हें नांव मिळालें. सरकारी केंद्रावरून जें वाचावयाचें, तें आधीं लिहून मंजूर व्हावयाचें. तेव्हां तेथील कागदांत अधिकाऱ्याची संमति हाच मुख्य धागा. परंतु १९४२ च्या पावसाळ्यांत त्याच मुंबईंत असे कागद लिहिले जाऊं लागले कीं, ज्यांस कोणाची मंजुरी नव्हती आणि जे हातीं सांपडणें हाच गुन्हा होता.

८ ऑगस्ट रोजीं गवालिया टँकवर ठराव झाला, दुसऱ्या दिवशीं पहांटे पुढारी पकडले गेले, व वृत्तपत्रांवर बंधनें आलीं. तेव्हां उषा मेहता, बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी आदि तरुण मंडळींनीं गुप्त प्रक्षेपक उभा केला. राममनोहर लोहिया व अच्युतराव पटवर्धन यांचा त्यास आधार होता. लोहियांनीं मजकूरही लिहून दिला. प्रक्षेपणाची पहिली तिथि छापील वृत्तांतांत कोठें २७ ऑगस्ट तर कोठें ३ सप्टेंबर अशी मिळते. आमच्या मतें चांचणीचा दिवस आणि नियमित कार्यक्रमाचा दिवस यांची येथें गल्लत झाली असावी.

या संहितांचा मायना लक्षांत घेण्याजोगा आहे. जुन्या मराठी पत्रांत मुक्काम असतो, मिति असते. येथें आरंभीं काँग्रेस रेडिओ हें नांव, ४२·३४ मीटर ही लहर, आणि मुक्काम म्हणून ‘हिंदुस्थानांतील कोठून तरी’ एवढेंच! प्रत्यक्षांत मुक्काम चौपाटी, गिरगांव, महालक्ष्मी असा वरचेवर पालटत होता. मितीचीही तीच गत. ऐकणाऱ्यास ‘आज’ व ‘काल’ पुरतें; परंतु सुटें पान ऐशीं वर्षांनीं हातीं घेणाऱ्यास तें पुरत नाहीं. असें पान आंतील घटनांवरूनच लावावें लागतें.

मजकुराचें मोल काय, हें आष्टी व चिमूर या दोन नांवांवरून कळतें. वर्धा व चांदा जिल्ह्यांतील या गांवीं १६ ऑगस्टला लोकांचा उठाव झाला. मागाहून चिमुरास लष्कर येऊन स्त्रियांवर अत्याचार झाले. प्राध्यापक भणसाळी यांनीं चौकशीसाठीं ६३ दिवसांचें उपोषण केलें, तरी वृत्तपत्रांस त्याविषयीं मोकळेपणें लिहितां येईना. आष्टी-चिमूरच्या घटना काँग्रेस रेडिओनें सांगितल्या. एक खंत मात्र नमूद केलीच पाहिजे. प्रक्षेपण मुंबईचें, हकीकत मराठी मुलखाची, पण भाषा हिंदुस्थानी व इंग्रजी, मराठी नव्हे. सर्व देशास ऐकवावयाचें होतें हें कारण आम्हांस मान्य आहे, तरी चुटपुट राहतेच.

१२ नोव्हेंबरच्या रात्रीं गिरगांवांतील पारेखवाडींत पोलिसांनीं छापा घातला. पुढें खटला होऊन १४ मे १९४३ रोजीं निकाल लागला. बाबूभाईंस पांच वर्षें, उषाबाईंस चार वर्षें व चंद्रकांत यांस एक वर्ष शिक्षा झाली. उरलेले दोघे सुटले.

आतां साधनपरीक्षा. हें बोलणें आपणांस आज वाचावयास मिळतें तें बव्हंशीं सरकारच्याच कृपेनें. पोलिसांचे लघुलेखक रोज कान लावून टिपून घेत होते. उषा ठक्कर यांनीं २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथांत अशाच टिपणांचा उपयोग केला आहे. म्हणजे बोलणारा एक, आणि लिहून ठेवणारा त्याचा वैरी. आमच्या जिल्ह्यास हा प्रकार नवा नाहीं. शिवछत्रपतींनीं १६६१ सालीं राजापूर घेतलें, त्याची हकीकत आपण तेथील वखारकर इंग्रजांच्याच पत्रांतून जुळवितों. पुणें दरबारचीं अखबारेंही निजामाच्या दफ्तरांतून निघून हैदराबादेस १९५३ पासून छापलीं गेलीं.

परंतु वैऱ्याची नक्कल ती नक्कलच. ऐकून टिपणाऱ्याच्या हातून गांवांचीं व माणसांचीं नांवें बिघडतात, खरखरींत शब्द गळतात. आणि नोंद इंग्रजींत व मूळ बोलणें हिंदुस्थानींत असेल, तेथें तर बोलणाऱ्याचा शब्द हातीं येतच नाहीं, आशयच येतो. उलट पक्षीं, टिपणाऱ्यास मजकूर वाढविण्यांत कांहीं लाभ नव्हता, तारीख व वेळ तो चोख घालीत असे. म्हणून तिथीसाठीं पोलिसांची नोंद व हेतूसाठीं पुढील आठवणी प्रमाण धराव्या. उषाबाई ११ ऑगस्ट २००० रोजीं वारल्या. मुलाखतींतून त्यांनीं सांगितलेलें पुष्कळ आहे, पण तें अनेक वर्षांनंतरचें, हें विसरून चालणार नाहीं.

रत्नागिरीस आकाशवाणीचें केंद्र झाल्यावर जिल्ह्यांतील पुष्कळांनीं तेथें भाषणें व वृत्तांत वाचले. असें पान ओळखणें सोपें आहे. कागद बहुधा एकाच अंगास लिहिलेला, ओळींत अंतर मोठें, समासांत मिनिटांचा हिशेब, श्वास घेण्यासाठीं मध्यें उभ्या रेघा, आणि उच्चारास जड गेलेला शब्द खोडून वर दुसरा घातलेला. ही खाडाखोड विशेष मोलाची; स्वच्छ प्रत करून मूळ टाकून देऊं नये. देवरुखांत वा आसपासच्या खेड्यांत कोणाच्या पेटींत अशीं पानें असतील, तर तीं रद्दींत घालण्यापूर्वी त्यांवर लिहिणाऱ्याचें नांव व वाचल्याची तारीख घालून मंडळाकडे पाठवावीं. नक्कल करून मूळ परत केलें जाईल.