ब्रॉड स्ट्रीटचा हापसा

सप्टेंबर १८५४. तुम्ही लंडनच्या सोहो भागात आहात आणि नाकावरचा रुमाल काढायची तुमची छाती होत नाही. तळघरांतले मैल्याचे खड्डे तुंबलेले, दुकानं बंद. तीन दिवसांत ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास १२७ माणसं पटकीनं गेली. ही घाणेरडी हवाच जीव घेते, असं भलेभले डॉक्टर म्हणतात. तुमचं नाकही तेच सांगतं.

डॉक्टर जॉन स्नो मात्र दारं ठोठावत हिंडतायत. हातात मृत्युनोंदणीतली ८३ जणांची यादी, तोंडी एकच चौकशी: पाणी कुठलं प्यायचे? त्यांचा संशय ब्रॉड स्ट्रीटच्या हापशावर आहे. दर मृत्यूमागे एक काळी रेघ असा त्यांचा पुढे पुस्तकांतून मिरवलेला नकाशा अजून काढलेलाच नाही. आत्ता आहे ती निव्वळ पायपीट.

पण मेलेल्यांइतकंच न मेलेल्यांकडेही बघा. पोलंड स्ट्रीटच्या वर्कहाउसमध्ये ५३५ गोरगरीब कोंबलेले, दगावले फक्त पाच. आवारात त्यांची स्वतःची विहीर आहे. बिअरच्या भट्टीवर सत्तराहून जास्त कामगार, मेला एकही नाही. मालक हगिन्स सांगतात, ही मंडळी बिअरच पितात, हापशाकडे फिरकतही नाहीत. उलट, ईली बंधूंच्या बंदुकीच्या टोप्यांच्या कारखान्यात हापशाच्या पाण्याची दोन पिंपं कायम भरलेली. तिथले अठरा गेले. या बंधूंची आई दूर हॅम्पस्टेडला राहायची. तिकडे पटकीचा मागमूस नव्हता. पण म्हातारीला या पाण्याची चव आवडायची, म्हणून रोज गाडीतून बाटली जायची. तीही गेली. हवेनं एवढ्या लांब जाऊन नेमकं हेच घर कसं गाठलं?

स्नोंच्या सांगण्यावरून ८ सप्टेंबरला हापशाचा दांडा काढतात. साथ तोवर ओसरू लागलेली, हे स्नोही मान्य करतात. भेदरलेली वस्ती केव्हाच पांगलीय. सरकारी आरोग्य मंडळाला पाण्याची गोष्ट पटत नाही ती नाहीच.

आता १८५५ मध्ये या. हेन्री व्हाइटहेड हा इथल्या चर्चचा तरुण पाद्री. स्नोंना खोटं पाडायला म्हणूनच यानं चौकशी सुरू केली. घराघरात त्याचा राबता, त्यामुळे डॉक्टरला न सांगितलेलंही लोक त्याला सांगतात. मृत्यूच्या नोंदी चाळताना त्याची नजर अडते: ४०, ब्रॉड स्ट्रीट, पाच महिन्यांची मुलगी, जुलाब. आजारपण साथ भडकण्याच्या आधीचं! तुम्ही त्याच्यामागून मुलीच्या आईच्या, लुईसबाईंच्या घरी जाता. मुलीची दुपटी धुतलेलं पाणी टाकलं कुठं? तळघरातल्या खड्ड्यात. खणून बघतात तर विटा सुटलेल्या, आणि हापशाची विहीर तिथून तीन फुटांवरही नाही.

मुलीचा बाप पोलीस शिपाई. तोही पटकीनंच गेला, १९ सप्टेंबरला. आजारी पडला होता ८ तारखेला, दांडा निघाला त्याच दिवशी. खड्ड्यातून विहिरीकडे झिरपायची वाट तेव्हाही उघडीच होती. फक्त त्या विहिरीचं पाणी आता कोणाला उपसता येत नव्हतं.