मियागाओ
फिलिपीन्सच्या पनाय बेटावरील, इलोइलो प्रांतातील किनाऱ्यालगतचे गाव. बोलीभाषा किनाराय-आ. शेती, मासेमारी आणि हातमागावरचे ‘हाब्लोन’ कापड ही येथील जुनी ओळख. स्पॅनिश अमदानीत ही वस्ती आधी शेजारच्या धर्मग्रामांच्या अधीन होती. 1731 मध्ये तिला स्वतंत्र धर्मग्रामाचा दर्जा मिळाला. पुढे दक्षिणेकडील मोरो (मुस्लिम) गलबतांच्या धाडींत गाव होरपळले. म्हणूनच 1787 ते 1797 या काळात उंचवट्यावर बांधलेले सेंट टॉमस ऑफ व्हिलानुएवाचे चर्च किल्ल्यासारखे जाड भिंतींचे आहे. त्याचे दर्शनी शिल्प मात्र थांबून पाहावे असे आहे : खांद्यावर बाळ येशूला घेतलेला संत ख्रिस्तोफर नारळाच्या झाडाला धरून उभा आहे, आणि भोवती पपई व पेरूची झाडे कोरली आहेत. युरोपातला संत स्थानिक कारागिरांनी आपल्या परसात आणला, याहून मोठी निर्मिती या गावाच्या इतिहासात नाही. स्पेनविरोधी क्रांतीच्या काळातील आग, दुसरे महायुद्ध आणि 1948 चा भूकंप सोसून ही वास्तू टिकली. 1993 मध्ये युनेस्कोने तिचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला. फिलिपीन्स विद्यापीठाच्या विसायास शाखेचे मुख्य संकुल येथेच आहे.