खिशात मोजके युरो आणि ठरलेलं काहीच नाही. फ्रान्सच्या खेड्यांत, वाईनच्या मुलखात असं एकट्यानं फिरता येतं का?

साल 1878, सप्टेंबर महिना. फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात ल मोनास्तिए नावाचं एक गाव आहे. तिथे मुक्कामाला आलेल्या 27 वर्षांच्या एका स्कॉटिश तरुणानं एक गाढवीण विकत घेतली. किंमत 65 फ्रँक आणि वर एक ग्लास ब्रँडी. तिचं नाव ठेवलं मोदेस्तीन. तिच्या पाठीवर त्यानं एक शिवून घेतलेली झोपायची पिशवी, थंड मटणाची तंगडी, पाव, अंडी फेटायचं यंत्र आणि बोजोले वाईनची एक बाटली लादली आणि सेवेनच्या डोंगरात चालायला लागला. 12 दिवसांनी सँ-जाँ-द्यु-गार गावात त्यानं तीच गाढवीण खोगिरासकट 35 फ्रँकला विकून टाकली. थोडक्यात, 12 दिवसांची वाहतूक 30 फ्रँकात पडली.

हा तरुण म्हणजे रॉबर्ट लुई स्टीव्हनसन. पुढे ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणारा तोच. या भटकंतीवरचं त्याचं पुस्तक 1879 मध्ये आलं. आज त्याच वाटेला ‘जीआर 70’ असा अधिकृत क्रमांक आहे, लांबी साधारण 270 किलोमीटर आहे, आणि ती चालणाऱ्यांना आजही भाड्यानं गाढव मिळतं.

इन्स्टावर फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांची रील दिसली की अनेकांच्या मनात येतं, की उचलावी सॅक आणि निघावं, उद्याचं उद्या बघू. प्रश्न असा की युरो शंभर रुपयांच्या आसपास असताना हे जमतं का? जमतं, पण सगळीकडे नाही आणि सगळ्या महिन्यांत नाही. आणि भारतीय पासपोर्ट असेल तर ‘न ठरवता जाणं’ हीसुद्धा आधी ठरवून करायची गोष्ट होते. ते कसं, ते पुढे येईलच.

आधी हे स्वस्त झालं कसं?

1936 पर्यंत फ्रान्समधल्या सामान्य कामगाराला भरपगारी सुट्टी हा प्रकार माहीत नव्हता. त्या वर्षी लेओं ब्लूम यांचं सरकार आलं, देशभर संप झाले आणि जूनमध्ये दोन आठवड्यांच्या भरपगारी रजेचा कायदा झाला. सरकारात क्रीडा आणि फुरसतीचं खातं लेओ लाग्रांज यांच्याकडे होतं. त्यांनी कामगारांसाठी रेल्वेचं 40 टक्के सवलतीचं तिकीट काढायला लावलं. मग ज्यांनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता अशी कुटुंबं तंबू आणि सायकली घेऊन बाहेर पडली.

पुढे 1947 मध्ये लांब पल्ल्याच्या पायवाटांवर खुणा करायला सुरुवात झाली. पांढरा पट्टा आणि खाली लाल पट्टा, झाडावर, दगडावर, विजेच्या खांबावर. हीच ती ‘जीआर’ची खूण. दोन्ही पट्टे फुलीसारखे काढलेले दिसले तर वाट चुकली असं समजायचं. जवळच्या छोट्या फेऱ्यांसाठी नुसता पिवळा पट्टा असतो. या खुणा रंगवणारे बहुतेक लोक स्वयंसेवक आहेत. नकाशा नसला, मोबाईलची बॅटरी संपली, तरी माणूस या खुणांवरून पुढच्या गावात पोचतो.

गावोगावच्या नगरपालिकांनी तंबूची मैदानं उभारली. ‘कॅम्पिंग म्युनिसिपाल’ अशी पाटी दिसली की तिथे एका माणसाला, एका तंबूला साधारण 8 ते 15 युरोत रात्र काढता येते आणि गरम पाण्याची आंघोळही होते. पायी चालणाऱ्यांच्या वाटांवर ‘जीत देताप’ नावाची मुक्कामघरं आहेत. एका खोलीत चार-सहा पलंग, सामायिक स्वयंपाकघर, भाडं साधारण 15 ते 25 युरो.

आता हे सगळं श्रीमंत देशाचं औदार्य वाटेल. पण कामगारांनी भांडून मिळवलेल्या रजेमुळेच ही व्यवस्था उभी राहिली, आणि आज तिचा फायदा परदेशी भटक्यालाही मिळतो.

वाईनच्या मुलखात खरी किल्ली लोकल ट्रेन आहे

फ्रान्सची टीजीव्ही ही वेगवान गाडी सगळ्यांना ठाऊक असते. तिचं तिकीट विमानासारखं असतं, जितका उशीर तितका भाव चढा. न ठरवता फिरणाऱ्याच्या खिशाला सगळ्यात मोठी चाट तिथेच बसते. याउलट ‘टीईआर’ म्हणजे प्रादेशिक गाडीत सहसा जागा राखून ठेवावी लागत नाही, आणि नेहमीचं तिकीट महिनाभर आधी काढलं काय किंवा फलाटावर उभं राहून काढलं काय, भाव तोच.

याचं उत्तम उदाहरण बर्गंडी. दिजाँ शहरातून बोनकडे जाणारी टीईआर 20-25 मिनिटांत पोचते. त्यातली प्रत्येक थांब्यावर थांबणारी गाडी पकडली तर स्टेशनांची नावं वाचताना वाईनची महागडी यादी वाचल्यासारखं वाटतं: जेव्रे-शांबेर्तँ, वुजो, न्युई-सँ-जॉर्ज. कुठेही उतरावं, मळ्यांमधून पुढच्या स्टेशनापर्यंत चालावं, संध्याकाळच्या गाडीनं परत यावं.

न्युई-सँ-जॉर्जपासून दोन-तीन किलोमीटरवर वोन-रोमाने गाव आहे. गावाच्या वर रोमाने-काँतीचा मळा. क्षेत्रफळ 1.8 हेक्टर, म्हणजे जेमतेम साडेचार एकर. या मळ्याच्या 1945 सालच्या एका बाटलीला 2018 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात 5 लाख 58 हजार डॉलर मिळाले. मळ्याभोवती काय आहे? गुडघ्याएवढी दगडी भिंत, एक क्रूस आणि ‘कृपया आत शिरू नका’ अशी सूचना. शेजारचा रस्ता सार्वजनिक. तिथे उभं राहून भाकरतुकडा खायला एक पैसा लागत नाही.

तिथून जवळच क्लो द वुजो. 12 व्या शतकात सिस्टर्शियन साधूंनी लावलेला, भिंतीनं वेढलेला सुमारे 50 हेक्टरांचा मळा. फ्रेंच राज्यक्रांतीत तो जप्त झाला, तरी 1889 पर्यंत एकसंध होता. मग विकला गेला, वाटण्या होत गेल्या आणि आज त्याचे सुमारे 80 मालक आहेत. सातबाऱ्यावर नावं वाढत जावीत तसं. भिंत एक, नाव एक, पण दोन ओळींचा मालक वेगळा आणि वाईनही वेगळी. बर्गंडीत अशा नाव असलेल्या 1,247 तुकड्यांना 2015 मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशात घेतलं.

बोनच्या दक्षिणेला सांतने गावापर्यंत मळ्यांतून जाणारी 20-22 किलोमीटरची सायकलवाट आहे. पोमार, वोलने, मरसो ही गावं वाटेत लागतात. सायकल भाड्यानं मिळते. मात्र एक लक्षात ठेवायला हवं, रक्तात लिटरमागे 0.5 ग्रॅम अल्कोहोलची मर्यादा फ्रान्समध्ये सायकलस्वारालाही लागू आहे.

अल्सासची गोष्टही अशीच. तिथला वाईन मार्ग 30 मे 1953 ला सुरू झाला, मार्लेनहाइम ते तान, सुमारे 170 किलोमीटर. कोलमारला मुक्काम ठेवून गावं बघता येतात. गर्दी मात्र बर्गंडीपेक्षा जास्त आणि डिसेंबरच्या नाताळबाजारात खोल्यांचे भाव विचारूच नयेत.

बोर्डो यात मुद्दामच मागे ठेवलं आहे. मोठमोठे शातो, आधी वेळ घेऊन ठेवायची पद्धत, गावांमधली लांब अंतरं. गाडी नसलेल्या, बेत नसलेल्या माणसाला तिथे सँतेमिलियों सोडून फारसं काही हाती लागत नाही.

चव घ्यायची रीत

नाशिकच्या वायनरीत तिकीट काढून टेस्टिंग होतं. फ्रान्सच्या छोट्या उत्पादकाकडे ‘देग्युस्तासियों’ अशी पाटी असते, आणि पुष्कळदा पैसे लागत नाहीत किंवा थोडेच लागतात. पण हे घर असतं, बार नव्हे. आत शिरल्यावर आधी ‘बोंजूर’ म्हणायचं. फ्रेंच येत नसलं तरी चालेल, पण हा एक शब्द न म्हणता थेट इंग्रजीत प्रश्न विचारला तर समोरच्याचा चेहरा पडतो. सगळं गिळायची सक्ती नसते, थुंकायला भांडं ठेवलेलं असतं. चार-पाच वाईन चाखून रिकाम्या हाती निघणं वाईट दिसतं. एक बाटली घ्यावी.

बाटलीही जड वाटत असेल तर सहकारी वाईन संस्था शोधावी. दक्षिणेत अनेक गावांत त्या आहेत आणि काही ठिकाणी सुटी वाईनही विकतात. स्थानिक लोक कॅन घेऊन येतात आणि रॉकेलच्या रांगेत भरावी तशी वाईन भरून नेतात. भारतात परतताना मात्र दोन लिटरपर्यंतच मद्य शुल्काशिवाय आणता येतं.

जेवणाचं गणित दुपारी सांभाळायचं. 12 ते 2 या वेळेत खेड्यातल्या हॉटेलात दिवसाचं ठरलेलं जेवण साधारण 14 ते 20 युरोला मिळतं. सोबत पाव आणि नळाच्या पाण्याची सुरई फुकट, पण ती मागावी लागते, नाहीतर विकतची बाटली येते. दोन वाजून दहा मिनिटांनी गेलं तर स्वयंपाकघर बंद. शाकाहारी माणसानं आठवडी बाजारावर भिस्त ठेवावी: चीज, फळं, पाव, टोमॅटो. तंबू, एक गरम जेवण, बाजारातला शिधा आणि एक छोटा रेल्वे प्रवास धरला तर दिवसाला 45-50 युरोत भागतं. पाणी संपलं तर गावच्या दफनभूमीत नळ असतो, हे तिथल्या पायी चालणाऱ्यांना पाठ असतं. फक्त ‘नों पोताब्ल’ लिहिलेलं पाणी प्यायचं नाही.

फसतं कुठे?

फ्रान्सच्या ईशान्येपासून नैर्ऋत्येपर्यंत विरळ वस्तीचा एक तिरपा पट्टा आहे. भूगोलतज्ज्ञ त्याला ‘रिकामा कर्ण’ म्हणत आले. इथल्या कितीतरी गावांत एकही दुकान उरलेलं नाही. बस असते, पण शाळेच्या मुलांसाठी. शाळेला सुट्टी लागली की बसही सुट्टीवर. काही ठिकाणी आदल्या दिवशी फोन केला तरच गाडी येते. रविवार दुपार आणि सोमवार म्हणजे सगळीकडे खडखडाट. म्हणून शनिवारी संध्याकाळी पिशवीत दोन दिवसांचा शिधा हवाच. 15 ऑगस्टला तिथेही सार्वजनिक सुट्टी असते, कारण वेगळं.

या भागात न ठरवता जायचं असेल तर चालण्याच्या जुन्या वाटा धराव्यात. ल प्युईपासून स्पेनच्या सीमेजवळच्या सँ-जाँ-पिए-द-पोरपर्यंत जाणारी ‘जीआर 65’ ही सांतियागोच्या यात्रेकरूंची वाट, साधारण 750 किलोमीटर. काँकचं मठमंदिर, मग काओरचे माल्बेकचे मळे, पुढे द्राक्षांसाठीच ओळखलं जाणारं म्वासाक. वारीच्या वाटेवर जशी गावोगाव सोय होते, तशी इथे मुक्कामघरांची साखळी आहे. एकट्या बाईमाणसालाही संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सोबत मिळते. मे आणि सप्टेंबरमध्ये मात्र आदल्या दिवशी फोन करून पलंग सांगून ठेवलेला बरा. शरद ऋतूत जंगलात रानडुकरांची शिकार चालते, तेव्हा भडक रंगाचा कपडा अंगावर असावा. संकटात 112.

व्हिसाच्या फॉर्ममध्ये ‘बघू’ लिहिता येत नाही

युरोपियन माणूस खरंच उठून निघू शकतो. भारतीय माणसाला शेंगेन व्हिसा लागतो. जून 2024 पासून प्रौढांसाठी त्याचं शुल्क 90 युरो आहे. किमान 30,000 युरोचा प्रवास विमा, परतीच्या प्रवासाचा पुरावा, बँकेचा तपशील आणि राहण्याची सोय दाखवावी लागते.

फ्रान्सचा नियम इथे फार बोलका आहे. हॉटेलचं बुकिंग दाखवलं तर दिवसाला 65 युरो जवळ असल्याचं सिद्ध करायचं. बुकिंग नसेल तर दिवसाला 120 युरो. 14 दिवसांसाठी पहिल्या बाबतीत 910 युरो, दुसऱ्या बाबतीत 1,680. म्हणजे 50 युरोत दिवस काढायला निघालेल्या माणसानं, बेत आखला नाही म्हणून, खात्यात त्याच्या दुपटीहून जास्त दाखवायचे. काही रात्रींचंच बुकिंग असेल तर तेवढ्या रात्री 65 नं आणि उरलेल्या 120 नं मोजतात. त्यामुळे एकाच गावात, समजा बोनमध्ये, खरंखुरं बुकिंग करून तिथून रोज वेगळ्या स्टेशनावर उतरणं हा मार्ग कागदालाही चालतो आणि मनमुराद भटकण्यालाही. खोटं बुकिंग दाखवून नंतर रद्द करण्याचे सल्ले नेटवर ढिगानं सापडतात. पकडलं गेलं तर पुढचे अर्जही अडकतात.

आणि एक मोह. ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत द्राक्षतोडणी असते. ‘तोडणी करा, राहणं-खाणं फुकट, वर पैसे’ अशा पोस्ट तेव्हा फिरतात. पर्यटक व्हिसावर हे काम बेकायदा आहे, मग मालक कितीही भला असो. काम साधंही नसतं. शँपेनमध्ये द्राक्षं हातानंच तोडायचा नियम आहे, दिवसभर वाकून. 2025 मध्ये तिथल्या शालाँ शहरातल्या न्यायालयानं परदेशी तोडणी मजुरांना हलाखीत राबवल्याबद्दल मानवी तस्करीच्या गुन्ह्यात शिक्षा सुनावल्या. फ्रान्समध्ये शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची गोष्ट वेगळी. विद्यार्थी परवान्यावर वर्षाला 964 तास काम करता येतं, आणि तोडणीसाठी महिनाभरापर्यंतचा खास करारही असतो. तो हातात येईपर्यंत मळ्यात पाऊल टाकायचं नाही.